ब्याऐंशीचा थर्मोस्टॅट

९ मार्च

काका,

ज्या माणसाने एकोणतीस वर्षांत एकही इंजिन जाळलं नाही, त्याला एका इंजिनावरून तुम्ही पंक्चर काढायला कसं बसवलंत? चार दिवस हा प्रश्न डोक्यात घेऊन फिरतेय. मला याचं उत्तर देता येत नाही, म्हणून तुम्हांला विचारतेय. नमस्कार काकूला. तुम्हांला नंतर, उत्तर आल्यावर.

मला हे कळलं तेसुद्धा चुकून. फोनवर आईला म्हटलं, बाबांना दे. ती म्हणाली, "टायरमध्ये हात अडकलेत त्यांचे." मी म्हटलं, टायरमध्ये? बाबा आणि टायर? खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर पडलं. डॉक्टरीणबाईंची ती हिरवी दोन सीटांची जुनी गाडी चढावर उकळली, इंजिनाचं हेड वाकलं, आणि बाई तुम्हांला म्हणाल्या की या माणसाने माझ्या गाडीला पुन्हा हात लावला तर मी गाडी उचलून नेईन. ठीक आहे, गाडी त्यांची. पण बाकीच्या गाड्या? दुकानातलं एकही इंजिन बाबांकडे ठेवलं नाहीत तुम्ही. सख्ख्या भावाला दाराशी हवेच्या पंपापाशी बसवलंत, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून.

ती गाडी मला माहीत आहे. जुना पट्ट्यावरचा पंखा काढून विजेचा फॅन बसवायचा होता तेव्हा बाबांनी मला पत्राने विचारलं होतं. मी रेडिएटरच्या कारखान्यात चाचणीच्या खोलीत काम करते; दिवसभर हेच करते. आकडे मी दिले होते. थर्मोस्टॅट ब्याऐंशीचा, म्हणजे पाणी ब्याऐंशी अंशांवर गेलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा. फॅन पंच्याण्णवला चालू, अठ्ठ्याऐंशीला बंद. कारण फॅन बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या आकड्याच्या वरच पाहिजे, नाहीतर फॅन थांबायचं नावच घेत नाही. आणि एकाहत्तरचा थर्मोस्टॅट लावून इंजिन अर्धकच्चं पळवायचं नाही. हे आकडे बरोबर आहेत. आज कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगेन.

तुमच्या दुकानात गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून कोपऱ्यात फेकायचा आणि फॅन सरळ बॅटरीला जोडून टाकायचा, ही रीत. बाबांनी ती मोडून काम नीट केलं. त्याचं हे बक्षीस?

उत्तराची वाट पाहते.

तुमची पुतणी


१७ मार्च

इंजिनिअरीणबाईंना काकाचे आशीर्वाद.

पत्र मीच वाचलं. चष्मा लावून, दोनदा. काकूला दिलं नाही, उगाच तिचं जेवण उडालं असतं.

दुकान माझं आहे. कोण कुठे बसतो ते मी बघतो. तुझ्या बापाला मी पंक्चरवर बसवलं असं तुला वाटतं, तर वाटू दे. गाडी तापली, हेड वाकलं, ते आता उतरवून फडक्यावर ठेवलंय. त्यावर तुझी पदवी पसरली म्हणून ते सरळ होणार नाही.

थर्मोस्टॅट फेकायची रीत म्हणतेस. त्या रीतीच्या दुकानातूनच तुझी पुस्तकं आली बरं का. मला बोल लावतेस तो लाव, माझी कातडी जाड आहे. पण बापाला फोन करून भंडावू नकोस. तो बोलत नाही, त्याला काही कारण असेल. तू हुशार आहेस, एवढं समजायला हरकत नाही.

तब्येत सांभाळ. तिकडे उन्हात टोपी घालत जा.

काका


२३ मार्च

काका,

टोपीचं राहू द्या.

तुमच्या पत्रात फॅनबद्दल एक शब्द नाही. मी तीनदा शोधला. ज्याच्यावर सगळं अवलंबून तोच शब्द माणूस गाळतो, तेव्हा मला संशय येतो. चाचणीच्या खोलीत हेच शिकलेय, कागदावर जे नाही तिकडे आधी बघायचं.

तर सरळ विचारते. फॅनच्या स्विचवर एक गोल चकती असते, आकड्यांची. स्क्रू-ड्रायव्हरने फिरते. पंच्याण्णववरून ती एकशे दहावर कुणी नेली? चढावर फॅन लागायला उशीर झाला की पाणी उकळणारच. बाबा चकतीला हात लावणार नाहीत, कारण आकडा मी दिलेला होता. दुकानात दुसरं कोण आहे, ज्याला "फॅन सारखा फिरतो, बॅटरी खातो" असं वाटतं? हे वाक्य मी लहानपणापासून कुणाच्या तोंडून ऐकत आलेय, ते तुम्हांला माहीत आहे.

मी या घरातली पहिली शिकलेली. सगळे म्हणता, आमचा अभिमान. मग माझं शिक्षण बाबांच्या बाजूने एकदा तरी वापरू द्या. मला त्याचा दुसरा उपयोग नको आहे.

पुढच्या आठवड्यापर्यंत खरं कळलं नाही तर मी डॉक्टरीणबाईंना लिहिणार आहे, की चकती दुकानाच्या मालकाने फिरवली. मला वाईट वाटेल, पण लिहीन.

पुतणी


३० मार्च

चिंगे,

मला कामाशिवाय पत्र लिहायची सवय नाही. आई शेजारी बसून शब्द नीट करतेय, तरी चुकलं तर समजून घे.

दादाने तुझं पत्र मला दाखवलं. त्याला असं लिहायचं नव्हतंस. चकतीला कुणीही हात लावला नाही. मी शेजारी बसलो होतो, बाई गाडी चालवत होत्या, मला सगळं माहीत आहे. फॅन तू सांगितलेल्या आकड्यालाच लागला. चढाच्या पायथ्याला जो घोंघावायला लागला तो वरपर्यंत घोंघावतच होता. मी उतरून बघितलं तेव्हा रेडिएटर खालच्या अंगाला चक्क गार, हात ठेवून उभं राहता येईल असा. फॅनने त्याचं काम चोख केलं. चूक माझी झाली. वय झालं, दुसरं काय.

पंक्चरचं काम वाईट नाही. सावलीत बसून करता येतं. कंबर दुखायची थांबली आहे. लोक येतात, गप्पा होतात. शेजारचा शिंपी म्हणतो, तुम्ही दाराशी आल्यापासून मला करमतं. तू माझी काळजी करू नकोस आणि डॉक्टरीणबाईंना तर अजिबात लिहू नकोस. माझी शपथ आहे असं समज.

आई म्हणते, जेवण वेळेवर घे.

तुझे बाबा


६ एप्रिल

काका,

सापडलं.

बाबांनी मला गप्प करायला पत्र लिहिलं आणि त्यातच सगळं सांगून बसले. फॅन पूर्ण चढभर चालू होता आणि रेडिएटर खाली गार होता! इंजिन उकळतंय आणि रेडिएटर गार. याचा अर्थ गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हतं. पुरेसं तरी नव्हतंच. मग फॅन कितीही फिरू दे, तो कशाला थंड करणार?

म्हणजे थर्मोस्टॅट. तो अर्धवट उघडून अडकला. चकतीबद्दल मी तुमच्यावर आळ घेतला, तो मागे घेते. ते चुकलं. पण आता दुसरं विचारते. तो थर्मोस्टॅट कुठून आणलात? मी ब्याऐंशीचा म्हटलं होतं, कुठलाही कचरा नव्हतं म्हटलं. डब्यात पडलेला, गंजका, कुणाच्या तरी भंगार गाडीतला उचलून दिलात ना? आणि बाबा तुमच्या मोठेपणापायी तोंड शिवून बसलेत. "वय झालं" म्हणे. अजून इंजिनाच्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरला ठिणगी नाही ते सांगतात ते. वय झालेलं नाही त्यांचं, तुम्ही त्यांना म्हातारं केलंत.

आता मी थांबणार नाही. त्यांची शपथ मी मोजत नाही. तुम्ही स्वतः डॉक्टरीणबाईंकडे जाऊन माल माझा खराब होता म्हणून सांगा आणि बाबांना त्यांच्या टेबलापाशी परत उभं करा. आठ दिवस. नाहीतर मी लिहिते.

पुतणी


१२ एप्रिल

चिंगे,

तुझ्या बापाने माझ्याकडून शब्द घेतला होता. आज मोडतोय. त्याला कळेल तेव्हा तो माझ्याशी महिनाभर बोलणार नाही. तेही तुझ्याच नावावर.

थर्मोस्टॅट कचरा नव्हता. कोरा होता, खोक्यातला. हेड उतरवलं त्याच दिवशी मी तो दोरीला बांधून पातेल्यात टांगला, खाली स्टोव्ह, पाण्यात थर्मामीटर. आपली रीत आहे ती, तुझ्या चाचणीच्या खोलीच्या आधीची. बरोबर ब्याऐंशीला उघडला. दोनदा करून पाहिलं. माल चोख.

पण त्याला कॉलर नव्हती.

जुना जो निघाला त्याच्या खाली पितळेची एक कॉलर होती, बोटभर उंच. या जातीच्या इंजिनात पाण्याला बाजूने एक चोरवाट असते. इंजिन थंड असताना पाणी तिथून गोल गोल फिरतं. थर्मोस्टॅट उघडला की ती कॉलर सरकून चोरवाट बंद करते, मग पाणी झक मारत रेडिएटरकडे जातं. कॉलर नसली की वाट उघडीच. पाण्याला सोपी वाट मिळाली तर ते लांबच्या वाटेने कशाला जाईल? गरम पाणी वळून परत इंजिनातच. सपाट रस्त्यावर कळत नाही. चढावर कळतं.

तुझ्या बापाला ती कॉलर दिसली होती. त्याने नवा आणि जुना शेजारी ठेवून मला दाखवला. मी म्हटलं, मला शंका आहे, थांब. तो म्हणाला, चिंगीला विचारतो. तुझं उत्तर आलं. ते सोबत पाठवतोय. तिसऱ्या पानावर, तुझ्या खोलीच्या खिडकीचं वर्णन संपतं तिथे बघ.

आता चढावरचं. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुझ्या बापाने नाही. काटा वर चढायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबवू का?" त्याने पायापुढच्या, इंजिनाला लागून असलेल्या पत्र्याला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "जाऊ द्या. मुलीने आकडे काढून दिलेत. चुकायची नाही ती." पुढच्या वळणानंतर त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली नाही, वाफ काचेवर आली. बाईंनी मग विचारलं, कुठली मुलगी, कसले आकडे. तेव्हा हा म्हणतो, "काही नाही, माझीच चूक." त्यांना जे तोडून बोलायचं होतं ते त्या त्यालाच बोलल्या.

पंक्चरवर मी त्याला बसवलेला नाही. तो स्वतः जाऊन बसला. मी दोनदा दंडाला धरून उठवला. म्हणतो, "दादा, हात थांब म्हणत होता आणि मी ऐकलं नाही. आता त्या हातात इंजिन कशाला देतोस?" मी म्हटलं, पोरीला तरी कळव. तर माझ्यावरच धावून आला. घरात पहिल्यांदा कुणी शिकलंय, नोकरीला वर्ष झालं नाही, तिला हे कळलं तर तिचा हात कायमचा थरथरेल म्हणे.

घे. आता लिही डॉक्टरीणबाईंना. पत्ता पाठीमागे लिहिलाय.

काका


१८ एप्रिल

काका,

पत्र मिळालं. तिसरं पान पाहिलं.

माझंच अक्षर आहे. मला ते लिहिल्याचं आठवतसुद्धा नाही.

नमस्कार. तुम्हांला.

चिंगी


२८ एप्रिल

बाबा,

हे पत्र रागात लिहितेय आणि राग जाईपर्यंत थांबले नाही, कारण तो जाणार नाही असं दिसतंय.

तुम्ही लिहिलं होतंत : "जुन्याला खाली पितळी कॉलर आहे, नव्याला नाही. मला बरं वाटत नाही. चालेल का?" आणि मी काय लिहिलं, ते तुम्हांला पाठ असेल. "कॉलर ही जुनी पद्धत. हल्ली कुणी घालत नाही. निःशंक बसवा." निःशंक! मी ते इंजिन कधी उघडून पाहिलेलं नव्हतं. आमच्या इथे येतात ती सगळी नवी इंजिनं, त्यांना ती चोरवाटच नसते. मला माहीत नव्हतं आणि माहीत नाही असं लिहायची मला लाज वाटली. ती लाजही नीट वाटली नाही. पुढच्याच ओळीत मी तुम्हांला खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल सांगत सुटले.

स्वतःचा राग तर आहेच. पण तुमचाही आहे आणि तो आज लपवणार नाही. एकोणतीस वर्षं तुम्ही तळहाताने इंजिन ओळखता. हात म्हणाला थांब. आणि तुम्ही कागद निवडलात, कारण तो माझा होता. हा विश्वास नाही, बाबा. मला कुठेतरी उंच ठेवून दिल्यासारखं आहे हे. खाली सगळे चुका करणार, एकमेकांवर ओरडणार, उद्या पुन्हा एकत्र कामाला लागणार, आणि मी वर. मला कुणी ओरडणार नाही. माझी चूक तुम्ही दाराशी बसून टायरमध्ये बुडवून टाकणार आणि मी इकडे दिमाखात काकांना पत्रं लिहिणार! तीन पत्रं लिहिली मी त्यांना. तुम्हांला दोघांना ती वाचताना काय वाटलं असेल, याचा विचार केला की कानशिलं तापतात.

माझा हात थरथरेल म्हणे. थरथरू दे की! थरथरला असता तर "निःशंक" लिहिलं नसतं.

आता काय केलं ते सांगते.

आमच्या कारखान्याच्या जुन्या गोदामात दोन दिवस खोकी उपसली. कॉलरवाला ब्याऐंशीचा एक मिळाला. साहेबांना सांगून रीतसर घेतला. पाण्यात टांगला. ब्याऐंशीला हलायला लागतो, चौऱ्याण्णवला पूर्ण उघडतो, आणि तेव्हा कॉलर पूर्ण वर आलेली असते. तो पिशवीत घातला आणि परवा, रविवारी, गाडी पकडून डॉक्टरीणबाईंकडे गेले. होय, आपल्याच गावात. घरापासून दोन गल्ल्यांवर. घरी आले नाही. आईने दारातच पाण्याचा तांब्या पुढे केला असता आणि मग माझ्याच्याने पुढचं झालं नसतं.

रविवारीही त्यांच्याकडे रोगी होते. बाकावर माझा नंबर येईपर्यंत बसले. आत गेले तर मान वर न करता म्हणाल्या, "काय होतंय?"

मी म्हटलं, "काही होत नाही. तुमच्या गाडीचं इंजिन मी बिघडवलं."

तेव्हा पेन ठेवलं त्यांनी. मी सगळं सांगितलं, कॉलरपासून. आधी लिहूनच नेलं होतं, तोंडाने बोलताना काही गाळलं जाऊ नये म्हणून. त्यांनी ते वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं.

"मग तुझा बाप माझ्या तोंडावर 'माझीच चूक' असं का म्हणाला?"

"मला वाचवायला."

"मूर्ख माणूस," त्या म्हणाल्या. मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "बस. तूसुद्धा त्याच मापाची आहेस. रोग्याला न बघता औषध लिहून दिलंस. माझ्या हाताखाली कुणी असं केलं असतं तर मी त्याला जिन्यावरून ढकललं असतं."

मी म्हटलं, "ढकला. पण बाबांना परत गाडीपाशी येऊ द्या."

"ते मी ठरवीन," म्हणाल्या. "मी त्याला दोनदा विचारलं, थांबवू का. दोनदा! ते तुझ्या कागदामुळे नाही झालं, त्याच्या तोंडामुळे झालं. ते मी विसरणार नाही."

मग बराच वेळ थर्मोस्टॅट हातात घेऊन उलटसुलट करत होत्या. कॉलर बोटाने वरखाली करायचा प्रयत्न केला. विचारलं, ही कुठे जाऊन बसते? मी कागदावर काढून दाखवू लागले तर कागद ओढून घेतला. "कागद पुरे झाले. तो दाखवील मला. शुक्रवारी येते मी दुकानात, खुर्ची टाकून बसते. हेड त्यानेच बसवायचं, हेही त्यानेच, माझ्यासमोर. आणि या खेपेला मी थांबवू का विचारलं की आधी हात लावायचा, मग तोंड उघडायचं. सांग त्याला, मीही सांगेनच."

सांगितलं.

तुम्हांला राग येईल. मी शपथ मोडली, तुमचा शब्द खोटा पाडला, परक्या बाईसमोर घरचं उघडं केलं. मग रागवा. लहानपणी जॅकवर चढवलेल्या गाडीजवळ गेले म्हणून जसे ओरडला होतात तसे ओरडा. पण काकांशी अबोला धरू नका. त्यांच्याकडून मी ते ओरबाडून काढलं.

एक राहिलं. फॅन कितीला लावायचा, हे बाईंनी मला निघताना विचारलं. पंच्याण्णव जिभेवर आलं होतं. तो आकडा अजूनही मला बरोबर वाटतो. पण ते इंजिन मी ऐकलेलं नाही. चढावर नेऊन, वरच्या पाइपला हात लावून, काटा बघून जो माणूस सांगेल तो आकडा खरा. म्हणून त्यांना दिलेल्या कागदाच्या तळाशी मी उभ्या उभ्या आणखी एक ओळ लिहून दिली : फॅनचा आकडा माझे वडील ठरवतील, मी दिलेला धरू नये. खाली सही केली आणि कागद त्यांच्या टेबलावर, थर्मोस्टॅटच्या खाली, ठेवून आले. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा शुक्रवार होऊन गेलेला असेल.

चिंगी